चंद्रीने पान्हा का चोरला

ही गोष्ट मी घराबाहेर काढणारच नव्हतो. पण आमच्या आत्यानं ती बीडच्या बसस्टँडपर्यंत पोचवलीच आहे, तेव्हा म्हटलं, तिच्याकडून ऐकण्यापेक्षा तुम्ही माझ्याकडूनच ऐका. निदान माझ्या तोंडून ऐकताना मी थोडा तरी शहाणा वाटेन. बघू, कितपत जमतंय.

तर मी दिल्लीत तर्कशास्त्र शिकलो आणि दादाच्या लग्नाला म्हणून जो गावी आलो, तो राहिलोच. गाव म्हणजे पाली, बिंदुसरा धरणाजवळचं. लोक विचारायचे, "इतकं शिकून परत काहून आलास रे?" मी म्हणायचो, लोकांना विचार करायला शिकवायचंय. त्यावर माणसं माझ्याकडं अशा काही नजरेनं बघायची, की याला उन्हाची सवय राहिली नसावी.

पण मी पेटलेलो होतो हो! दर रविवारी मारुतीच्या पारावर बसून मी कारण कसं शोधायचं ते शिकवू लागलो. विहिरीवरची मोटार जळाली तर का जळाली? पोराला ताप आला तर कशानं आला? नजर, करणी, पायगुण, हे सगळं बाजूला ठेवा. बघा, वेगळं काढा, पुन्हा बघा. चार-दोन म्हातारे यायचे. पाराला सावली चांगली होती.

अशात आमच्या घरातच प्रकरण उपटलं.

आमची म्हैस चंद्री. सकाळच्या धारेला आईची चरवी गळ्यापर्यंत भरायची. लग्नानंतर आठ-पंधरा दिवसांत ती अर्ध्यावर आली. आई कासेला हात लावी, चंद्री आधी पान्हा सोडी, मग मधेच शेपूट उडवून अंग आखडून घेई. झालं, धार बंद. संध्याकाळी मात्र सगळं ठीक.

आत्या आमच्याकडेच राहते. वडिलांची थोरली बहीण, घरातलं सर्वोच्च न्यायालय. तिनं साक्षीपुरावा न बघता निकाल दिला. "नवी सून आली अन् म्हशीनं पान्हा चोरला. मी कुनाचं नाव घेत न्हाई."

नाव न घेता तिनं गल्लीभर सांगितलं.

वहिनी चौसाळ्याच्या. बोलायला मोकळ्या, हसऱ्या. बीएस्सी झालेल्या. त्या एकाएकी गप्प झाल्या. एके दिवशी बघतो तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून कोरा चहा पितायत. मी विचारलं तर म्हणाल्या, दुधाचा पचत नाही. लग्नाच्या बैठकीत दुधाच्या चहाचे दोन कप घेतलेल्या बाईला अचानक दूध पचेना? माझं डोकंच फिरलं.

आत्यासमोर उभा राहिलो आणि जाहीर केलं, की याचं खरं कारण मी शोधून काढीन, पारावर सगळ्यांसमोर मांडीन, आणि वहिनींचा यात काडीचा संबंध नाही हे सिद्ध करीन.

दादा दारात उभा होता. माझा दादा दिवसातून मोजकंच बोलतो. तो म्हणाला, "राहू दे न." मी राहू दिलं नाही.

आता पद्धत ऐका, सोपी आहे. जिथं जिथं परिणाम दिसतो, तिथं तिथं कोणती एक गोष्ट हजर असते ते बघायचं. याला अन्वय म्हणतात. मग ती एकच गोष्ट काढून घ्यायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं. परिणाम गेला, तर तीच कारण. हा व्यतिरेक. दिल्लीत यावर मला वर्गात शाबासकी मिळाली होती. वर्गात म्हैस नव्हती.

रोज सकाळी मी गोठ्यापाशी असायचोच, आता नजर ठेवून राहू लागलो. आधी पेंड बदलली. फरक नाही. पाणी बदललं. नाही. बांधायची जागा बदलली, तर चंद्रीनं माझ्या पायावर पाय दिला, बाकी फरक नाही. आई म्हणायची, गोठ्यात गोमाशी शिरलीय, धारेच्या वेळी घूं घूं ऐकू येतं. मी लगेच हातातलं काम टाकून आत जायचो, कान देऊन ऐकायचो. काही नाही. तरी लिंबाच्या पाल्याचा धूर केला. खोकून खोकून आम्ही सगळे लाल झालो, माशी एकही निघाली नाही. आईला म्हटलं, तुला भास होतोय.

मग माझ्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. सकाळच्या धारेचं खाद्य, आंबोण, चंद्रीपुढं वहिनी ठेवत, संध्याकाळचं आत्या. सकाळी दूध कमी, संध्याकाळी ठीक. अन्वय सरळ वहिनींकडं बोट दाखवत होता! मी ते बोट घाईघाईनं खाली केलं आणि कुणाला काही बोललो नाही.

तेवढ्यात चौसाळ्याहून निरोप आला. वहिनींच्या माहेरी देवीचा गोंधळ होता, लेकीला पाठवा म्हणून. दादाला सुट्टी नव्हती, मग मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. वाटलं, सोडून लगेच परतावं. पण वहिनींच्या वडिलांनी मला सोडलंच नाही. पुरणपोळी झाली, मग मटण झालं, मग म्हणाले, पाव्हणं, आता वावर बघूनच जा. असे आम्ही चांगले चार-पाच दिवस राहिलो. निघताना मी आईला बजावून आलो होतो, चरवीवर लक्ष ठेव.

परत आलो तर आई उंबऱ्यातच म्हणाली, "तुमी गेल्यापासून चरवी भरतीय रे सकाळची." बिचारी आनंदात होती. बोलून झाल्यावर तिला वहिनींचा चेहरा दिसला.

आत्यानं फक्त पदर सारखा केला. बोलायची गरजच काय होती? दुसऱ्या दिवशी सकाळी चरवी पुन्हा अर्धी!

बघा हं, काय झालं होतं. कारण काढून घेतलं, परिणाम गेला. कारण परत आणलं, परिणाम परत आला. इतका देखणा व्यतिरेक मी पुस्तकातही पाहिला नव्हता. आणि तो निघाला आत्याच्या बाजूनं!

रविवारी पार भरला. म्हणजे खरंच भरला, सावलीसाठी नव्हे. आत्यानं आधीच बातमी फिरवली होती. दिगूतात्या म्हणून आमचे शेजारी आहेत, तंबाखू मळत म्हणाले, "मास्तर, तुमच्या शास्त्रानं बी पायगुनच निघाला म्हनं?"

मला म्हणता आलं असतं, की अजून तपास चालू आहे. पण मी सत्याचा पाईक ना! मी घसा साफ करून म्हणालो, पायगुण असं काही नसतं, मात्र निरीक्षणं सध्या त्या दिशेला झुकताना दिसतात.

दिगूतात्यांनी सगळ्यांकडं वळून भाषांतर केलं. "हाय म्हनतोय."

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. एकाची मोटार जळाली, तेव्हा सून विहिरीवर होती. दिगूतात्यांची कोंबडी खुडूक बसली, तेव्हा सून अंगणात होती. ज्या पद्धतीनं मी अंधश्रद्धा घालवणार होतो, तीच घेऊन अर्धं गाव आपापल्या सुनांमागं लागलं. दोघे तर माझे आभार मानून गेले.

घरी आलो तर वहिनी पिशवी भरत होत्या. दादा बाजेवर बसून जमिनीकडं बघत होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "तुला म्हन्लं व्हतं मी, राहू दे."

शपथेवर सांगतो, मी असा कधीच गारठलो नव्हतो, दिल्लीच्या जानेवारीतसुद्धा. मी वहिनींसमोर बसलो. शेवटी म्हणालो, वहिनी, माझं काहीतरी चुकलंय, पण कुठं ते दिसत नाही.

त्यांनी पिशवीची गाठ मारली. मग अगदी हळू म्हणाल्या,

"भावजी, एक विचारू? चौसाळ्याला मी एकटीच गेल्ते का?"

मी उत्तर द्यायला बोट वर केलं. ते माझ्याकडंच वळलं.

अहो, मी गेलो होतो की! मीच नेलं होतं! वहिनी गेल्या तेव्हा मी गेलो, आल्या तेव्हा आलो. लग्नाच्या आठवड्यात त्या घरात आल्या, तेव्हाच मीही आलो. रोज धारेच्या वेळी गोठ्यापाशी हजर कोण? पेंड मोजली, पाणी मोजलं, माशा शोधल्या, आणि मोजणारा तेवढा मोजायचा राहिला.

दादानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, "पिशवी तिची ठिव. तुझी भर."

त्याच दिवशी मला धर्मापुरीला मामाकडं पाठवलं. वहिनी घरी, आंबोण त्यांच्याच हातचं, बाकी सगळं तसंच. फक्त मी वजा. दोन सकाळी मी मामाच्या ओसरीवर फोन हातात धरून बसलो. तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. चरवी भरली होती, कालही आणि आजही. मागं वहिनींचा आवाज ऐकू येत होता, त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मोठ्यानं बोलत होत्या! आरोपी ठरल्याचा इतका आनंद जगात कुणाला झाला नसेल. मी मामीच्या पाया पडलो. तिला कारण कळलं नाही, तिनं आशीर्वाद दिला.

परत आलो तर आत्या सरसावून बसलेली. "मंग ह्याचाच पायगुन हाय."

आता मला हेही मान्य करणं शक्य नव्हतं. माझ्याबद्दल असलं म्हणून काय, पायगुण तो पायगुणच! माझ्यातलं नेमकं काय चंद्रीला खुपतं, ते शोधायलाच हवं होतं. संध्याकाळी मी शर्ट बदलून गोठ्यात गेलो. चप्पल बदलून गेलो. चष्मा काढून गेलो. चंद्री निवांत रवंथ करत होती. घरचे सगळे लग्नाला बसावं तसे ओसरीवर बसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई धारेला बसली. मी नेहमीसारखा गोठ्याच्या कुडाला टेकून उभा. चंद्रीनं पान्हा सोडला, चरवीत धारांचा आवाज सुरू झाला, आणि आई एकदम म्हणाली, "आली बघा माशी."

चंद्रीनं शेपूट उडवलं. वहिनी आंबोणाची पाटी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी वळून पाहिलं. मग दादानं पाहिलं. मग आत्यानं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते.

एक गोष्ट मी तुम्हाला सांगितलीच नाही, कारण मलाच ती सांगण्याजोगी वाटली नव्हती. दिल्लीत मला बॅटरीवर चालणाऱ्या दात घासायच्या ब्रशची सवय लागली होती. गावी आल्यापासून रोज धारेच्या वेळी तो तोंडात घालून मी गोठ्यापाशी उभा राहायचो, पुढं निरीक्षणही तसंच. घूं घूं, घूं घूं. आईनं माशी म्हटलं की बंद करायचो, बाजूला ठेवायचो आणि आत जाऊन कान देऊन माशी शोधायचो, नाही सापडली की बाहेर येऊन पुन्हा चालू!

"बंद कर रे ते," दादा म्हणाला. मी केला. चंद्रीचं शेपूट खाली आलं. चरवी भरली. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडात फेस होता.

आई हसता हसता आडवी झाली. आत्या तोंड फिरवून बसली. मग तिनं कपाळाला पदर लावला, उठून आत गेली आणि दुधाचा चहा करून वहिनींच्या हातात दिला. माफीबिफी आमच्या आत्याला येत नाही. पण त्या चहात साखर लई होती, असं वहिनींनी नंतर सांगितलं.

पुढच्या रविवारी मी पारावर जाऊन सगळं कबूल केलं. ब्रश चालू करून दाखवावा लागला, दोनदा. दिगूतात्यांनी तो कानाला लावून बघितला आणि घरच्या सुनेची कोंबडीच्या खटल्यातून सुटका झाल्याचं तिथंच जाहीर केलं.

परवा मला बघायला पाव्हणे आले होते. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारलं, मुलगा नेमकं करतो काय? हा प्रश्न आमच्या घरात आजवर कुणाला सुटलेला नाही. आत्यासुद्धा छताकडं बघू लागली.

वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन येत होत्या. त्यांनी पहिली बशी पाव्हण्यांपुढं ठेवली आणि मोठ्या आदरानं म्हणाल्या,

"कारणं शोधतेत, काका. सगळा गोठा धुंडाळतेत. न्हाईच सापडलं, तर मग चूळ भरतेत."