नाला पहिल्यापासून असाच होता

हे मी कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकाजवळ नाही. शरम वाटते म्हणून नाही बोलले, असंही नाही — कोणी विचारलंच नाही. ज्या एकीनं विचारलं होतं, तिला मी खोटं सांगितलं. तेच लिहायला बसले आहे.

ती माझी नात, वैशू. तेव्हा नववीत होती. राळेगाव तालुक्यात आमचं लहान गाव, नाल्याला लागून आमचं वावर. सुट्टीच्या दिवशी ती माझ्यासोबत कापूस वेचायला यायची. कमरेला ओटी बांधायची, बोटं भराभर चालायची, आणि तोंड त्याहून जास्त. मी तिला जुन्या गोष्टी सांगायची. हा नाला होळीपर्यंत वाहायचा. धुळवडीला आम्ही सगळ्या बाया अंगावरचा रंग धुवायला तिथंच जात होतो, पाणी ढोपरापर्यंत असायचं. काठाला जांभळी. जांभळं पिकली की दिवसभर जीभ जांभळी राहायची. ती ऐकायची, आणि मग काळजीत पडायची. मला वाटायचं, गोष्ट सांगितली की पोरं खूश होतात. ही कशी वेगळीच?

आमच्या विहिरीच्या दोराला तिनं चिंध्या बांधल्या होत्या. दर महिन्याला पाणी जिथं लागेल तिथं एक चिंधी. एका उन्हाळ्यात चिंध्या हातभर खाली गेल्या, दुसऱ्या उन्हाळ्यात दोरच पुरेना. त्या साली बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला होता. घरात सगळे अळीचं बोलायचे आणि ही विहिरीचं. एकदा मला म्हणाली, "आजी, मी तुह्याएवढी म्हातारी होईन तवा इथं काय राहीन वं?"

मी म्हटलं, "तू राहशीन. अजून काय पाह्यजे?"

ती हसली नाही.

मग ती ग्रामसभा आली. नाल्याकाठी झाडांची एक पट्टी उरली होती — जांभळी, करंज, दोन-चार कडुनिंब. ज्यांची वावरं लागून होती, त्यांना ती तोडून पेरायची होती. आमचंही वावर लागून होतं. वैशूनं आणि तिच्या वर्गातल्या दोघींनी अर्ज लिहिला — झाडं ठेवा, नाला अजून आटेल. शाळेच्या ओट्यावर ती उभी राहिली आणि सगळ्यांसमोर वाचू लागली. आवाज थरथरत होता, पण थांबली नाही.

लोक हसायला लागले. एक जण म्हणाला, "मंग ढगायले नोटीस पाठवा लागते काय?" दुसरा म्हणाला, "शायेत हेच शिकवते वाटते आजकाल."

ती म्हणाली, "नाला होळीलोक वाहे. माह्या आजीनं पाह्यला आहे. तिले विचारा."

सरपंच माझ्याकडं वळला. "बोल म्हातारे. गावात तुह्यापेक्षा जुनं कोण आहे? तू म्हणशीन तसं."

तू म्हणशीन तसं — हे शब्द मला अजून ऐकू येतात. वैशू माझ्याकडं बघत होती. तिला काहीच शंका नव्हती. माझी नात होती ना ती?

मी म्हटलं, "काहीबाही बोलते पोरगी. टीव्ही पाहून पाहून डोक्शात भरलं तिच्या. नाला पह्यलेपासून असाच आहे. दिवाळीले कोरडा."

असा हशा झाला! वैशू म्हणाली, "आजी, धुयवडीचा रंग तू कुठी धुवे मंग?" हशात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी पदर सारखा करत बसले. तिनं अर्जाची घडी केली, घडीची घडी केली, आणि खाली बसली.

का बोलले मी असं? लेकानं घरून निघताना सांगितलं होतं — पट्टी मोकळी झाली तर आपली दहा तासं वाढतात. दहा ओळी कापूस. त्यासाठी बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. तेही खोटंच.

काठावरच्या, आमच्या विहिरीजवळच्या जांभळी मी आधीच तोडायला लावल्या होत्या. वैशूचा जन्मही नव्हता तेव्हा. कापसाला भाव होता, आणि सावलीखाली कापसाची पऱ्हाटी पिवळी पडते म्हणून मी नवऱ्याच्या मागं लागले. तो नाही म्हणत होता. त्याच्या आईनं लावलेली झाडं होती. मी त्याला नामर्द म्हटलं. हो — ह्याच शब्दात. तेव्हा त्यानं कुऱ्हाड काढली, आणि झाड विहिरीवर पडू नये म्हणून दोर मी धरला. सात झाडं. नातीला जांभळ्या जिभेची गोष्ट सांगितली, कुऱ्हाडीची कधी सांगितली नाही. ग्रामसभेत खरं बोलले असते, तर लगेच पुढचं आलं असतं — मग कवापासून आटला वं? तिनंच विचारलं असतं. तिला काहीही विचारायची सवय होती.

एकट्या माझ्यामुळं नाला आटला नाही, एवढं मलाही कळतं. पाऊस माझ्या हातात नव्हता. पण पोरीनं मला पावसाचं कुठं विचारलं होतं? तिनं एवढंच विचारलं होतं — मी खरं बोलते ना?

घरी येताना ती एकदाच बोलली. "मले भेव वाटते म्हणून मी बोलली, आजी. तुले कायचं भेव होतं?"

मी म्हटलं, "पाय उचल. भाकरी टाकाच्या आहेत."

आठ दिवसांत पट्टी साफ झाली. वैशूनं दोरावरच्या चिंध्या सोडल्या आणि चुलीजवळ ठेवून दिल्या. मी त्यांचं पोतेरं केलं. ती भांडली नाही, रुसली नाही. वेचायला येत राहिली. फक्त जुनं काही विचारायची बंद झाली.

आता ती घाटंजीला नोकरी करते. माझ्या गोळ्या तीच आणते. या मे महिन्यात आली होती. तिच्या भावाची पोरगी, सहा वर्षांची, आमच्यासोबत नाल्यावरच्या पुलावर उभी होती. खाली नुसते धोंडे. पोरगी म्हणाली, "आत्या, पाणीच नाई तं पूल कायले बांधला?"

वैशूनं माझ्याकडं पाहिलंही नाही. रागावूनही बोलली नाही. दुपार झाली म्हणावं, तशी म्हणाली, "काय मालूम बेटा. पह्यलेपासून असंच आहे."

मी तिथंच होते, हातभर अंतरावर. काठी धरून. तोंड उघडलं होतं मी.

"ऊन लागते," मी म्हटलं, "चला घरी."