काळाच्या नावावर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. काल आमच्या जुन्या शाळेत गेलो, तर नव्या मुख्याध्यापिका भिंतीवरच्या एका फोटोची धूळ पदराने पुसत होत्या. फोटो आमच्या शाळेतल्या दिवंगत शिक्षिका इंदूबाईंचा. म्हणाल्या, "सर, माणसाचं मोठेपण तो गेल्यावरच कळतं, नाही का?"

मी मान डोलावली नाही. खोटं आहे ते. मला तेव्हाच कळत होतं. बाई भाकरी मोडून अपूर्णांक शिकवायच्या आणि माझ्या वर्गातली मुलंही त्यांच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी मुख्याध्यापक म्हणून माझी शिफारस लागायची. दरवर्षी मी म्हणायचो, "बाई, घाई कशाला? काळ ठरवेल."

एकदा त्या हसून म्हणाल्या, "काळाला सही करता येते का हो, सर?"

जिवंत माणसाला मोठं म्हटलं की त्याच्या शेजारी आपण लहान दिसतो, अडचण एवढीच असते.

त्या आजारी पडल्यावर भेटायला गेलो. "बाई, माझं चुकलं," एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी शाळेची चौकशी केली. मी अर्धा तास नव्या छपराविषयी बोललो आणि उठलो.