जित्या माणसाच्या पंधरा ओळी

हिरामण सोमकुवरला एका जागी अर्धा तास बसवून दाखवा आणि माझ्याकडून चहा घ्या, असं शहाऐंशी साली पांढुर्ण्यात कोणीही पैजेवर म्हणालं असतं. नागपूरच्या पेपरातली अकरा वर्षांची पक्की नोकरी सोडून हा गडी घरी आला, तो म्हणे लिहायला. स्वतंत्र लेखक! टेबल आणलं, खुर्ची आणली, खिडकीला पडदा लावून घेतला, आणि मग बाप्पा, त्या खुर्चीत बूड टेकलं तर शपथ. दोन ओळी लिहायचा की उठायचा. तहान नसताना पाणी प्यायचा. अंगणात जाऊन आभाळ बघायचा, जसं काही त्याच्यावाचून ते खाली येणार होतं. सकाळी गाडीतून पेपरचे गठ्ठे उतरायच्या आधी हा स्टेशनवर हजर. आपलाच जुना पेपर उभ्या उभ्या उघडायचा, थेट चौथं पान काढायचा, आणि खिशातल्या लाल पेनाने दुसऱ्याच्या चुका दुरुस्त करायचा. आता कोणासाठी रे लेका?

चौथं पान त्याचं होतं. निधन-वार्तांचं. अकरा वर्षं त्याने त्या पानावर माणसं पोचवली. दुपारपासून लोक चिठ्ठ्या घेऊन यायचे, कोणाचा बाप गेला, कोणाची आई. हिरामण प्रत्येकाला विचारायचा: नाव, वय, गाव, धंदा, मागे कोण. आणि पाच वाजायच्या आत माणसाच्या पंधरा ओळी करून छापायला द्यायचा. कष्टाळू, मनमिळाऊ, त्यांच्या पश्चात असा असा आप्तपरिवार. हात असा बसला होता की चिठ्ठी देणाऱ्याचा हुंदका थांबायच्या आधी बातमी तयार असायची. वृत्तसंपादक यशवंतराव म्हणायचे, "सोमकुवर, तुझ्यासारखा माणूस मारता कोणाला येत नाही." हिरामणला ते कौतुक वाटायचं.

मग एकदा एक म्हातारा आला. बायको गेलेली, चार पानं लिहून आणलेली. हिरामणने सवयीने लाल पेन फिरवलं. दुसऱ्या दिवशी म्हातारा पेपर घेऊन परत आला. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, "तिला बैलगाडी हाकता येत होती साहेब. ते कशाला खोडलं?"  त्या आठवड्यात त्याचं जेवणावरून मन उडालं, आणि महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. आता आपण साध्या माणसांवर लिहायचं, ऐसपैस लिहायचं, बैलगाडीसकट, असं ठरवून तो गावी आला.

ठरवणं सोपं असतं हो! घर त्याच्या बायकोच्या, यमुनाच्या पगारावर चालायचं. ती सौंसरच्या मराठी शाळेत मास्तरीण. सकाळच्या बसने जायची, उन्हं कलता परत यायची. पगाराचा शब्द तिने कधी काढला नाही. पण चप्पल काढता काढता रोज विचारायची, "आज किती झालं?" आणि हा म्हणायचा, "सुरुवात झाली." सहा महिने सुरुवातच चालू होती.

खरं म्हणजे लिहून तो रोज काहीतरी पुरं करत होता, दुखणं तेच होतं. मोहगावचा शिंपी पंधरा ओळींत संपला. स्टेशनवरचा चहावाला पंधरा ओळींत संपला. पाच वाजत आले की त्याचा जीव खालीवर व्हायचा, कोणीतरी पान मागतंय असं वाटायचं, आणि पेन आपोआप शेवटाकडे धावायचं. मासिकांकडून लेख परत यायचे. नागपूरच्या संपादकांना पांढुर्णा वर्षातून एकदाच आठवतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीच्या दगडफेकीला. किती डोकी फुटली ते कळवा म्हणतात. इथले लोक बाकीचे दिवस काय करतात याच्याशी कोणाला घेणंदेणं?

एकट्या वच्छलाताईंनी दार उघडं ठेवलं होतं. नागपुरात त्या स्वतःच्या हिमतीवर एक दिवाळी अंक काढायच्या. त्यांनी लिहिलं, "दहा पानं द्या. एकच माणूस, पण पूर्ण." आणि त्याच आठवड्यात यशवंतरावांचं कार्ड आलं: चौथं पान तुझ्या जागी घेतलेल्या दिलीपला जमत नाहीये, एक ऑक्टोबरला दुपारी बारापर्यंत येत असशील तर खुर्ची तुझी, नाहीतर दिलीपला कायम करतो. पुन्हा विचारणार नाही.

हिरामणचा जीव टांगणीला लागला. खुर्ची गेली आणि लेखही परत आला तर अडतिसाव्या वर्षी करायचं काय? त्याने घाईघाईत माणूस निवडला, घरातलाच. आपला बाप. भाऊराव सोमकुवर, वय सहासष्ट, रेल्वेच्या रूळ-दुरुस्ती गँगमधून निवृत्त. त्याला विचारायची गरजच काय, सगळं तर माहीत होतं! ताणून ताणून अडीच पानं केली आणि टपालात टाकली.

सत्तावीस सप्टेंबरला पोस्टमन देवीदास पाकीट घेऊन आला तेव्हा हिरामण नेहमीप्रमाणे स्टेशनवर. पाकीट भाऊरावने घेतलं आणि फोडलंसुद्धा. गँगमध्ये असताना वस्तीतल्या रात्रशाळेत तो वाचायला शिकला होता. अक्षराला अक्षर जोडत, मोठ्याने वाचायचा. ओट्यावर बसून त्याने सुरू केलं. "भाऊ-राव सोम-कुवर हे रेल्वेत एक-तीस वर्षे इमाने-इतबारे सेवेत होते. ते कष्टाळू, मित-भाषी व मन-मिळाऊ स्वभावाचे होते. त्यांच्या पश्-चात एक मुलगा, सून, दोन नाती..."

शेजारच्या ओट्यावर शांताबाई गहू निवडत होती. तिचे हात थांबले. "अगं माय! कोण गेलं जी, भाऊरावजी?"

"मी," भाऊराव म्हणाला.

हिरामण घरी आला तेव्हा ओट्यावर पंधरा-वीस माणसं, आणि मधोमध बाप. कोणी हसतंय, कोणी पदर तोंडाला लावून बसलंय. वच्छलाताईंची चिठ्ठी शनिवारची अर्धी शाळा करून परतलेल्या यमुनाच्या हातात होती. तिने ती नवऱ्यापुढे धरली. "हे गृहस्थ वारले असतील तर तुमच्या दुःखात सहभागी आहे. हयात असतील तर पुन्हा लिहा. दसऱ्यापर्यंत थांबते."

हिरामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाजेची आग होती, पण बाहेर रागाची होऊन आली. "बा, दुसऱ्याचं पाकीट काहून फोडलं तुमी?"

"मंग? मी मेलो ते मले नाई कळलं पाहिजे?" भाऊराव उठून उभा राहिला. चिडला होता. "आणि मनमिळाऊ कोण बे? मी? त्या गुणवंत्याशी मी वीस वर्सं बोललो नाई. त्याच्या मयतीलेबी गेलो नाई. मनमिळाऊ म्हणते! कोणाले इचारून लिहिलं?"

ओट्यावरचे लोक हळूच पांगले. हिरामण आत गेला, टेबलावरचे कागद गोळा करून पेटीत कोंबले आणि जाहीर केलं, "बस झालं. एक तारखेले मी नागपूरले जाऊन राहिलो. हे माह्यं काम नोहे."

यमुना दारात उभी होती. ही बाई वर्गात छडी न घेता साठ पोरं गप्प बसवायची. "जायचं तर जा," ती म्हणाली, "मी अडवून नाई राहिली. पण लिवता येत नाई म्हणून जाऊन राहिले, का मामाजीले, तुमच्या बाले, इचारायचं भेव वाटते म्हणून, ते मले सांगून जा." हिरामण तिच्या बाजूने अंगणात निघून गेला. तीन दिवस हा तिथे फेऱ्या मारत राहिला.

एक तारखेला सकाळी पिशवी भरून तो निघाला तर भाऊराव काठी घेऊन आधीच फाटकाशी. "पॅसेंजर तिगावलेबी थांबते," तो म्हणाला. "तेथूनच बस. माह्यासंग चाल तेवढा." बापाने कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून हिरामण नाही म्हणू शकला नाही. दोघे रुळाच्या कडेच्या पायवाटेने तिगावकडे निघाले. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, खाली काळी माती. भाऊराव वाकून वाकून रुळाकडे बघत चालायचा, आणि हिरामण मनगटावरच्या घड्याळाकडे. "बा, पाय उचला नं," असं त्याने दोनदा म्हटलंही.

निम्म्याहून जास्त वाट गेल्यावर भाऊराव थांबला. तिथे काही नव्हतं. खडी, गवत, तारेचा एक खांब.

"सत्तावनची गोष्ट होय," तो म्हणाला. "तवा मी चाबीवाला होतो. गँगमधून वर काढून मले चाबीवाला केलं होतं, आपल्या वस्तीतला पहिला. एकट्यानं रोज लाईन पाहत जायचं, हातोडी मारायची, रूळ धरून ठेवणारी चाबी ढिली असंन तर ठोकायची. पुसाचा महिना, थंडी अशी का बोटं वाकत नव्हती. इथं आलो. दव पडलं होतं. रुळाले तडा दिसला. केसावाणी बारीक, पण या कडेपासून त्या कडेलोक. आणि दिल्लीकडची मेल यायले दहा मिनटं."

"मंग?"

"मंग काय! पळालो. रुळावर गाडी थांबवाचे फटाके बांधले, लाल झेंडी धरली, बोंबललो. मेल थांबली, लेका. अख्खी मेल. लोकं उतरून शिव्या देऊन राहिले. गुणवंता आमचा मुकादम, माह्या जिवाचा दोस्त. तो धावत आला, इथंच वाकला. साहेब ट्रॉलीवर आला तवा बारा वाजले होते. उन्हानं रूळ फुगते, तडा असला तर मिटते. साहेब म्हणे, कुठंय? मलेच नाई दिसला. गुणवंता म्हणे, मले सकाळीबी काही दिसलं नाई जी."

भाऊरावने नाक पुसलं. "खोटीच मेल थांबवली म्हणून चाबी गेली. परत गँगमधी खडी खोदाची गैंती हाती आली, ते थेट रिटायर होईलोक."

हिरामणला ते वर्ष आठवलं. बापाचे हात फोडांनी भरलेले, आई त्यावर हळद-तेल लावतेय, आणि आपण नऊ वर्षांचे, पाढे पाठ करतोय. काय झालं म्हणून विचारलं नव्हतं. पुढेही नाही. हजारो परक्या माणसांना नाव, वय, धंदा, मागे कोण विचारत अकरा वर्षं काढली, आणि घरातल्या या माणसाला एक प्रश्न टाकला नाही. त्याला लाज वाटली. सरळ सांगायचं तर रडावंसं वाटण्याइतकी लाज वाटली.

"पण बा," तो म्हणाला, "तडा खरंच होता का?"

बाप चिडेल असं त्याला वाटलं होतं. भाऊराव चिडला नाही.  "नोकरी होती तवा रोज पाहत होतो. आता आठवड्यातून एकदा येतो. तुमाले वाटते मी तिगावले तंबाखू आणाले जातो. कधी वाटते होता, माह्या डोळ्यानं पाह्यला. कधी वाटते, दवाचा ओघळ असंन, आणि मी घाबरलो. पुढं दोन वर्सांनी तो रूळच बदलला त्यायनं. काहून बदलला, इचारलं. नंबर लागला होता म्हणे." त्याने काठी खडीवर आपटली. "मले चैन नाई, हिरामण. एकोणतीस वर्सं झाली, मले चैन नाई."

तिगावहून सुटलेल्या गाडीची शिट्टी आली. भाऊरावने पोराचा दंड धरून त्याला खाली ओढलं, जोरात, सहासष्ट वर्षांच्या माणसाला शोभणार नाही इतक्या जोरात. पॅसेंजर धडधडत समोरून गेली. दारात उभे असलेले लोक, खिडकीतून बाहेर आलेले हात, सगळं गेलं. आता बारा वाजता त्या खुर्चीवर दिलीप बसणार होता, आणि कायमचा.

"हे तुही गाडी होय नं?" भाऊरावने विचारलं.

"हाव."

"काहून थांबला मंग? धावत गेला असता तर तिगावले भेटली असती."

हिरामणने पिशवी गवतावर ठेवली. "बा, नक्की जागा कोणती? बोट ठेवून दाखवा."

भाऊराव रुळापाशी वर चढला आणि हळूहळू वाकला. एक गुडघा खडीवर टेकला. गाडी गेली तरी रूळ अजून थरथरत होता. त्याने बोट ठेवलं, उचललं, चार अंगुळं पुढे नेलं, पुन्हा मागे आणलं.

"इथं," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. इतक्या वर्षांत ते त्याला कोणी विचारलंच नव्हतं.