दाजींची गिधाडं

अक्का कधी फोन करत नाही, मिस्ड कॉल देते. आपण उलट लावायचा, हा आमच्या घरातला जुना शिरस्ता. दीडेक महिन्यापूर्वी तिचा फोन वाजतच राहिला आणि नेकनूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा असलेला मी तिथंच कठड्यावर बसलो. ‘‘तुझे दाजी गेले रे,’’ एवढंच ती म्हणाली. उन्हातून माळावरून आले, अंगणात टेकले, पाणी मागितलं... पाणी आणेपर्यंत थांबले नाहीत.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. शिरूर कासारजवळच्या त्यांच्या गावात दूध संस्था त्यांनीच उभी केली, चेअरमनही तेच. दारात दुभती गाय असली तर एखाद्या तरी घराचं ऊसतोडीला जाणं टळेल, असं त्यांचं गणित होतं आणि ते काही घरांपुरतं खरंही ठरलं. संस्थेत जनावरांच्या औषधांचं कपाट होतं. गाय लंगडली, सुजली, तापली की त्यातलं एक स्वस्त इंजेक्शन द्यायचं. बसलेली गाय उठून चाऱ्याला तोंड लावायची. दाजी स्वतः टोचायला शिकले. ‘‘माझ्या हाताला गुण हाय, पाहुणे,’’ असं मला ऐकवायचे. ‘‘तुमच्या हाताला काय हाय ते शाळंतल्या पोरांना इचारतो.’’ मी इंग्रजीचा मास्तर. पोरं काय सांगतील याची कल्पना असल्यामुळं मी विषय बदलायचो.

मग तो मोठा दुष्काळ आला. छावणीतली जनावरंसुद्धा मरायला लागली. पूर्वी माळावर टाकलेलं जनावर गिधाडं दुपारपर्यंत साफ करायची. या खेपेला एकही उतरलं नाही. मेलेली गुरं ओढायचं काम बौद्ध वस्तीनं केव्हाच सोडलं होतं, योग्यच केलं होतं. तेव्हा संस्थेचे संचालक ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत होते. नाकाला उपरणं गुंडाळून दाजी पुढं, आणि मदतीला म्हणून गेलेला मी मागं बाभळीखाली ओकत. माळावरून येणारा वास जेवताना भाकरीलाही यायचा. कुत्री माजली. एका शेळीवाल्याच्या पोराला त्यांनी फाडलं. दाजी वर बघत म्हणाले, ‘‘गेली कुठं सगळी?’’

उत्तर पुढं काही वर्षांनी पेपरात आलं. ते इंजेक्शन दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडं मरतात. दाजींनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला. हाताच्या गुणाची गोष्ट मात्र पुन्हा कधी काढली नाही.

माझी भाची मीरा केनियात नोकरीला आहे. तिनं आईवडलांना बोलावलं. अक्काचे गुडघे तयार नव्हते, म्हणून दाजींबरोबर मी गेलो. कुणाच्या तरी गुडघ्यांचा मला आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा. अभयारण्यात मी नवी टोपी घालून बुजगावण्यासारखा उघड्या टपाच्या जीपमध्ये उभा. गाडी चालवणारा, जनावरं दाखवणारा जोसेफ म्हणाला, सिंह बघू. दाजी म्हणाले, ‘‘सिंव्ह ऱ्हाऊ द्या म्हणावं. गिधाडं दावा.’’ जोसेफनं मला पुन्हा पुन्हा विचारलं. माझ्या इंग्रजीवर शंका घेणारा तो पहिला नव्हता.

तिथंही पाऊस हुकलेला. गवत करपलेलं, नदीत नुसती वाळू. आपल्या नीळकंठ पक्ष्याचा एक नटवा चुलतभाऊ काटेरी झाडावर बसला होता, जांभळी छाती काढून. समोरून हत्ती गेला तर दाजी हळहळले, ‘‘हाडं दिसायलीत की हो...’’ आणि मग एका मेलेल्या झेब्र्यावर ती दिसली. झेब्रा दिसतच नव्हता, नुसते पंख, माना, चोची. बाकीच्या गाड्या नाकाला रुमाल लावून वळल्या. दाजी नाक उघडं ठेवून बघत राहिले. मला वाटलं, आता हे रडणार.

ते म्हणाले, ‘‘ह्याच्या घरी गुरं हायेत का, इचारा.’’

होती. जोसेफ गुराख्यांच्या कुळातला. बरीच गुरं त्या वर्षी गेली होती.

‘‘दुखण्याचं इंजेक्शन देत्यात का त्यास्नी?’’

जोसेफला माहीत नव्हतं. कशाला विचारता, म्हणाला.

गिधाडांवरची नजर न काढता दाजी म्हणाले, ‘‘सांगा त्याला. मी मारली म्हणावं. आमच्याकडची सगळी. ह्याच हातानं.’’

मास्तरकीच्या सवयीनं मी इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला: मी मारली, सगळी, ह्याच हातानं. जोसेफनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. त्यानंतर दिवसभर तो पाण्याची बाटली दाजींना अदबीनं द्यायचा आणि माझी सीटवर ठेवून द्यायचा. मुक्कामावर मी हे सांगितलं तेव्हा दाजी पोट धरून हसले. ‘‘बरं झालं, पाहुणे. अर्धं तुमच्या नावावर चढलं.’’ हसता हसता थांबले. ‘‘पण माझं कमी होत न्हाई.’’

‘‘दाजी, तुम्हाला कुठं माहीत होतं?’’

‘‘त्यास्नी तरी कुठं माहीत व्हतं?’’

 

परत आल्यावर ते गोठ्यागोठ्यांतून फिरायला लागले. त्या इंजेक्शनवर बंदी आली होती, तरी माणसांसाठी मिळणारं तेच औषध लोक गुपचूप गुरांना टोचत. दाजी विनवायचे. ‘‘चेरमन, गिधाडांची सोयरीक जुळवायलात का?’’ म्हणून पारावर चेष्टा व्हायची. त्या शेवटच्या दुपारीही ते अशाच एका वस्तीवरून परत आले होते.

गेल्या आठवड्यात अक्काकडं गेलो. यंदा पुन्हा विहिरींचे तळ दिसताहेत. तिची गाय सांधा सुजून बसली होती, कण्हत होती. जनावरांच्या दवाखान्यातला जुना कंपाउंडर आला आणि त्यानं खिशातून कुपी काढली.

‘‘हे कोंचं?’’ अक्कानं विचारलं.

‘‘त्येच की, काकू. घडीभरात उठंल.’’

‘‘ते नको. दुसरं आणा.’’

‘‘दुसरं बीडहून आणावं लागतंय. सांज हुईल.’’

‘‘हू द्या.’’

गाय मान टाकून हंबरली. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं त्याचा हात धरून ठेवला.

‘‘अवो, गिधाड हाय कुठं हितं? कावून मुक्या जिवाला रडवायलात? कुणासाठी?’’

‘‘आलं तर?’’ अक्का म्हणाली.

त्यानं मोटरसायकलला किक मारली आणि बीडच्या रस्त्याला लागला. गाय कण्हतच होती. अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली... एकदाही वर न बघता.