प्रेमदासला ठाऊक असलेला बिघाड

माझा धाकटा भाऊ प्रेमदास कुणाचं वाईट चिंतत नाही. घरातलं ते काम माझ्याकडे आहे. मी आंजीच्या अंगणवाडीत सेविका, दिवसभर लेकरांशी गोड बोलते, त्यामुळे रागाला वेळ घरीच मिळतो.

प्रेमदासने भैय्याजींची शाळेची व्हॅन नऊ वर्षं चालवली. गावातली पोरं सकाळी वर्ध्याला न्यायची, दुपारी आणायची. नऊ वर्षांत एका पोराला साधं खरचटलं नाही. मग एकदा दसऱ्यानंतर व्हॅन सकाळी रुसायला लागली. सेल्फ मारावा तर किर्र किर्र करत राहायची आणि पाच-सात खेपांनी धरायची. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही.

भैय्याजींनी बसस्टँडजवळच्या रूपराव मिस्त्रीला दाखवायला सांगितलं. पोरं सोडून झाली की दुपारी प्रेमदास व्हॅन तिकडे न्यायचा. रूपराव चाबी फिरवायचा आणि व्हॅन एका झटक्यात सुरू. सकाळी भैय्याजींच्या अंगणात येऊन पाहा म्हटलं, तर हा माणूस नऊच्या आधी शटर उघडत नाही. तीनदा असं झालं. चौथ्यांदा तो भैय्याजींच्या अंगणात, पोरं घ्यायला आलेल्या आयांसमोर म्हणाला, "गाडीत काई खोट नाई. ड्रायवरात हाय. यायले सकाळी उठाची सवयच नाई."

'यायले', म्हणजे 'ह्या लोकांना', हे लोक कोण, ते बुद्धविहाराकडच्या आमच्या आळीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. भैय्याजींनी तिथल्या तिथे चाबी परत घेतली. प्रेमदास मान खाली घालून घरी आला आणि जेवला नाही. या रूपरावचं नाक कापल्याशिवाय राहायचं नाही, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

प्रेमदासला वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या एका गॅरेजात काम मिळालं. संक्रांतीच्या सुमारास एका संध्याकाळी तो धावतच घरी आला.

"ताई, खोट भेटली. व्हॅनची खोट भेटली."

तशीच एक गाडी तिथे आली होती. टाकीतल्या पंपात एक झडप असते. गाडी बंद केल्यावरही ती पेट्रोल नळीत दाबून धरते. झडप झिजली की रात्रभरात पेट्रोल टाकीत परत उतरतं, आणि सकाळी ते पुन्हा इंजिनापर्यंत चढेस्तोवर सेल्फ मारत बसावं लागतं. चालवत नेलेल्या गाडीत दाब असतोच, मग मिस्त्रीला काय दिसणार? तात्पुरता तोडगाही त्याला कळला होता. चाबी नुसती एक टप्पा फिरवायची, पंपाला जरा चालू द्यायचं, बंद करायची. असं दोन-तीनदा केलं आणि मग सेल्फ मारला की गाडी लगेच धरते.

"भैय्याजीले सांगून येतो," तो म्हणाला.

मी दारात आडवी उभी राहिले. "एक पाऊल टाकलं तर माझं मेलेलं तोंड पाहशील. भोगू दे त्यायले."

आई गेल्यापासून त्याने माझा शब्द मोडला नव्हता. तो गप्प बसला.

पुढचं वर्ष माझं सुखात गेलं. भैय्याजींचं अंगण आमच्या घरामागेच. मी चहा ठेवला की तिकडे किर्र किर्र सुरू व्हायचं, आणि तो चहा मला बिनसाखरेचाही गोड लागला असता. रूपरावने बॅटरी बदलली, प्लग बदलले, सेल्फ उघडून पाहिला. कर म्हटलं, काय करायचं ते कर.

चाबी आता आमच्याच आळीतल्या अनुपकडे होती. दुसऱ्या वर्षी वार्षिक परीक्षेच्या दिवशी व्हॅन अर्धा तास उशिरा निघाली, आणि दुपारी रूपराव त्याच अंगणात अनुपलाही तेच बोलला.

या वेळी प्रेमदासने मला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दाब मोजायचं मीटर घेऊन तो थेट भैय्याजींकडे गेला. भैय्याजींनी रूपरावला बोलावून घेतलं. प्रेमदासने मीटर पेट्रोलच्या नळीला जोडलं, गाडी सुरू करून बंद केली आणि म्हणाला, "मिस्त्री, बसा. काटा पाहा."

रूपराव हसत बसला. तोवर मी गावातल्या निम्म्या आया गोळा करून आणल्या. अर्ध्या तासात काटा निम्म्यावर आला, दोन तासांत शून्यावर. मग प्रेमदासने पुन्हा दाब भरला आणि टाकीजवळची रबरी नळी फडकं गुंडाळून पकडीने चिमटली. आता काटा जागचा हलेना.

"म्हणजे पेट्रोल समोरून गळत नाई," प्रेमदास म्हणाला, "मागं टाकीत उतरून राह्यलं."

मी रूपरावसमोर गेले. "आता सांगा, खोट कशात हाय?"

"पंपात," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोला, मागच्या बायायले आयकू गेलं नाई."

तो मोठ्याने बोलला. दीड वर्षाचा माझा घास तेव्हा घशाखाली उतरला.

एवढ्यात अनुपने विचारलं, "प्रेमदासदादा, हे तुमाले कधीपासून माहीत होतं?"

प्रेमदासला खोटं बोलता येत नाही. "मागच्या वर्षीच्या संक्रांतीपासून," तो म्हणाला.

सगळ्या आया त्याच्याकडे पाहू लागल्या. मी म्हटलं, "त्याले काई बोलू नका. मीच त्याचं तोंड बांधलं होतं."

"ताई," अनुप म्हणाला, "वर्षभर शिव्या तं मीच खाल्ल्या."

भैय्याजींनी प्रेमदासपुढे चाबी धरली. त्याने ती अनुपच्या हातात दिली आणि मीटर गुंडाळून घरी आला.

आता रूपराव रस्त्यात मला पाहून मान वळवतो. मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. अनुपही वळवतो.