गुऱ्हाळ, तेहेतीसवर

सांगली स्टेशनात लालासाहेब बर्गे उतरले तेव्हा त्यांनी एक उशीचा अभ्रा छातीशी धरला होता, आणि अभ्र्यात एक मोठी तबकडी होती. कुणीतरी घाईत जवळून घासून गेलं, तसे ते भिंतीला पाठ लावून उभेच राहिले.

"आवं, चला की," मागून क्रांतीबाई म्हणाल्या. "कोन पळवतंय ती?"

"पळवत न्हाई. धक्का लागतो."

"मला दोनदा लागला. माझ्याकडं बगितलं का कवा असं?"

लालासाहेब हसले नाहीत. आज त्या तबकडीवरचा कागद निघणार होता.

तरुणपणी ते महाबळेश्वरात टॅक्सी चालवायचे. तिथल्या एका हॉटेलात तेव्हा नाचायचा फ्लोअर होता. रंगीत दिवे, गोल आरसा, परदेशातून मागवलेल्या तबकड्या. पुढं तो बंद पडला. पावसाळ्यानंतर हॉटेल उघडलं तर तबकड्यांच्या खोक्यांवर बुरशीची पांढरी लव आली होती. मॅनेजर म्हणाला, जाता जाता घाटात टाकून दे. लालासाहेबांनी खोकी डिकीत घातली आणि घाट तसाच उतरून थेट कोरेगावात आणली. परसात दोरी बांधून तबकड्यांच्या खोळी चिमट्यांनी वाळत घातली. तेव्हा क्रांतीबाई नवी नवरी होत्या. सासूला वाटलं, सुनेनं काहीतरी भलतंच धुवायला काढलंय.

त्याच वर्षी त्यांनी टॅक्सी सोडली आणि लाऊडस्पीकर घेतला. कर्ण्यावर तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'क्रांती साऊंड सर्व्हिस'. वरातीत बाकीचे सिनेमाची गाणी लावायचे, आणि लालासाहेब लावायचे 'मिशिनची गाणी'. त्यात ढोलासारखा मशीनचा ठोका असायचा आणि मधेच रबर ताणल्यासारखा आवाज यायचा. लोक आधी थांबून बघायचे. मग नाचायचे, ते थांबायचेच नाहीत.

मग सुरू झाली चोरी. गाण्याची. दुसरा लाऊडस्पीकरवाला पान द्यायच्या निमित्तानं माणूस पाठवायचा, आणि तो माणूस पान देता देता तबकडीच्या मधल्या गोल कागदावरचं नाव वाचून जायचा. यावर सगळ्यांचा एकच इलाज होता. कणकेची खळ करायची आणि नावावर कागद चिकटवायचा. लालासाहेबांनी एका दुपारी बसून सगळ्या तबकड्यांवर कागद लावले. खालची इंग्रजी नावं त्यांनी वाचलीच नाहीत. वाचून लक्षात कुठं राहणार होती? कागदांवर आपली नावं घातली. 'डंपर'. 'थोरली सून'. 'चिखलात जीप'. आणि सगळ्यांत लाडकी, 'गुऱ्हाळ'.

गुऱ्हाळाचा ठोका उसाच्या चरकाच्या इंजिनासारखा, जड आणि सावकाश. त्यावर एक माणूस घशाच्या तळातून गायचा. "ह्यो गडी पैलवान असनार," लालासाहेब म्हणायचे. "उगंच न्हाई एवढा आवाज." त्या ठोक्यावर गावातल्या लेझमीनं स्वतःची एक चाल बसवली होती. ती अजून टिकून आहे.

अशाच एका वरातीत सांगलीचे तात्या पाहुणे म्हणून आले होते. तात्यांचं तबकड्यांचं दुकान होतं आणि त्यांना याच गाण्यांचं वेड. गुऱ्हाळ लागलं तसे ते जेवणाचं पान सोडून मशीनपाशी आले. वाकून बघितलं. कागद! तेव्हापासून दर दिवाळीला त्यांचा फोन ठरलेला.

"लाला, नाव सांगतोस का?"

"गुऱ्हाळ."

"ते नव्हे रे, खरं."

"तेच खरं हाय तात्या."

खरं नाव लालासाहेबांनाही ठाऊक नव्हतं, हे त्यांनी कधी कळू दिलं नाही. कर्णे गेले, स्पीकरच्या मोठमोठ्या भिंती आल्या, क्रांती साऊंड बंद पडली. पण गावोगावच्या शौकिनांत लालासाहेबांचं नाव राहिलं ते या एका तबकडीमुळं. पोरं गाणं ओळखणारं अ‍ॅप लावून फोन स्पीकरला धरायची. फोन नुसता गरगर फिरायचा आणि सापडलं नाही म्हणायचा. लालासाहेब खुशीत चहा सांगायचे.

तात्यांची नात ऋचा दर रविवारी घरी बैठक घेते. दहा-बारा जण, पोहे आणि कुणालाच माहीत नसलेल्या तबकड्या. ऐकून झालं की ती त्या सगळ्यांसाठी नेटवर ठेवते. गुऱ्हाळसाठी ती वर्षभर मागं लागली होती. "आजोबा, तुमची तबकडी झिजत चाललीय. खरखर ऐकताय ना? आणि नावाशिवाय ठेवली तर लोक बनावट म्हणतात."

लालासाहेबांनी फोन ठेवला, की क्रांतीबाईंना म्हणायचे, "नाव कळलं की संपलं. मग ती समद्यांची. मग मला कोन इचारतंय?"

"आन झिजून गेली की मग?" क्रांतीबाईंनी एकदा विचारलं. दुसऱ्या दिवशी लालासाहेब अभ्रा शोधायला लागले.

तर आता तात्यांच्या बाहेरच्या खोलीत सगळे दाटीनं बसलेले. ऋचानं कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा कागदावर ठेवला. खळ विरघळली. कागद अलगद सरकला, आणि खालचा निळा गोल दिसला.

ऋचा वाकली. वर बघितलं. पुन्हा वाकली.

"आजोबा, ही तुम्ही किती स्पीडवर लावता?"

"तेहेतीसवर. मोठी तबकडी मिनिटाला तेहेतीस फेरे, बारकी पंचेचाळीस. ह्यात इचारायचं काय?"

"यावर पंचेचाळीस लिहिलंय."

"न्हाई."

"नाचायच्या क्लबांसाठी काढायचे अशा. मोठी, पण पंचेचाळीसची."

"लाव बघू," तात्या म्हणाले.

ऋचानं खटका सरकवला आणि सुई ठेवली. चरक नव्हता. पैलवान नव्हता. टुणटुण उड्या मारणारा ठोका, आणि एक कोवळी पोरगी भराभरा गात होती.

"अगंबाई," क्रांतीबाई म्हणाल्या, "ही तर बाई हाय!"

कुणीतरी फिसकन हसलं. एकानं फोन धरला. फोननं लगेच नाव सांगितलं.

लालासाहेब खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. "बंद कर पोरी," म्हणाले. मग कुणाकडंच न बघता, "म्हंजी जलमभर चुकीचं वाजवलं. समद्या गावाला चुकीचं नाचवलं."

"लय बोलू नगा," क्रांतीबाई तडकल्या. "तुमचा बा नाचला हुता त्याच्यावर, गुडघं धरलेलं असताना. पोटच्या लेकीच्या वरातीत नाचला. त्यो काय खोटा नाचला?"

तात्यांचं मात्र लक्षच नव्हतं. ते भिंतीकडच्या फळीपाशी उभे राहून तबकड्या एकेक करून पुढं ओढत होते. एक बाहेर काढली, तसाच निळा गोल. खोळ अगदी कोरी.

"लाला," त्यांनी ती पुढं धरली. "ही बघ."

"काय हाय?"

"तीच आहे. मुंबईहून आणली होती. दोनदा ऐकली. पोरकट वाटली, ठेवून दिली. तुझ्या गुऱ्हाळासाठी मी पुणं पालथं घातलं, मुंबई पालथी घातली, आणि ती या फळीवर, माझ्या डोक्यामागं!"

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. आधी कोण हसलं ते सांगता येत नाही, पण तात्यांना ठसका लागला आणि ऋचाला पाणी आणावं लागलं.

तात्यांनी स्वतःच्या हातानं आपली तबकडी लावली आणि खटका तेहेतीसवर आणला. खरखर अजिबात नाही. इंजिन सुरू झालं, स्वच्छ, जड. पैलवान घशाच्या तळातून गाऊ लागला. लालासाहेबांची टाच जमिनीवर पडायला लागली. त्यांच्या मालकीची नसलेली ती तबकडी ते डोळे मिटून ऐकत होते.

"आजोबा, नेटवर काय लिहू?" ऋचानं हळूच विचारलं. "पंचेचाळीसची तर आधीच सगळ्यांकडं आहे. ही कुणाकडंच नाही."

लालासाहेबांनी डोळे उघडले.

"लिव्ह," ते म्हणाले. "गुऱ्हाळ. कोरेगाव. तेहेतीसवर. आन बाईचं नाव बी लिव्ह खाली. तिनं गायलंय."

गाणं संपलं. तात्यांनी तबकडी उचलली आणि लालासाहेबांपुढं धरली. "मला कागद लावून दे. तुझ्या अक्षरात नाव घाल."

"आता कशाला? समद्यांना कळलं की."

"कळू दे. माझ्याकडं गुऱ्हाळ पाहिजे."

क्रांतीबाई पदर खोचत आत निघाल्या. "ऋचा, कनीक कुठं ठिवलीया गं?"

आतून पातेल्याचा आवाज आला. लालासाहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओरडून सांगितलं, "आन खळ जरा घट्ट कर. मागल्या टायमाला पातळ झालती."