काकीच्या आठ कोंबड्या

घराण्यात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि त्याचा तोरा मी कधी लपवला नाही.

वाडीत जुलाबाची साथ आली तेव्हा मी कणकवलीत एका प्रयोगशाळेत होते. आजाऱ्यांच्या नमुन्यांत जो जिवाणू निघाला, तोच शेजारच्या काकीच्या कोंबड्यांच्या विष्ठेतही निघाला. मी वाडीत तसं सांगून मोकळी झाले. लोक म्हणू लागले, कोंबड्या मारून पुरून टाका. काकीचं घर त्यांच्याच अंड्यांवर चालायचं.

काकी रडली नाही. तिने मला तिच्या खळ्यात, कोंबड्यांसमोर उभी केली. "एवढा शिकलंस मां गो? ह्यो आठय कोंबड्योच. पण एक तरी दुसरेसारखी आसा काय? मगे तुझे जिवाणू तेवढे सगळे एकसारखे?"

प्रश्न बिनतोड होता. मी जिवाणूची फक्त जात पाहिली होती. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर जी प्रथिनं असतात, त्यांची जनुकं एकाच जातीतही निरनिराळी निघतात. दोन्हीकडच्या नमुन्यांतली ती जनुकं मी प्रयोगशाळेत वाचून घेतली. आजाऱ्यांकडची सगळी एकमेकांशी जुळली. काकीच्या एकाही कोंबडीशी जुळली नाहीत.

मी घरोघर जाऊन माझी चूक सांगितली आणि शेवटी काकीकडे गेले. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईइतकी नेमकी शंका आमच्या प्रयोगशाळेत कुणीच काढली नव्हती, हेही तिला सांगितलं.

ती हसली. "बस आता. वडे करतंय. कोंबो बरो शिजवतंय, भियां नको."